चौथ्या क्वार्टरचा दमसास

बास्केटबॉलच्या अधिकृत स्कोअरशीटवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने लिहायचा, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने, असा नियम आहे. कॉलेजात असताना मी स्वतः खेळत असे. आता गुडघा साथ देत नाही, म्हणून मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना स्कोअररच्या टेबलवर बसते. तिथे बसणाऱ्याला हळूहळू सामना रंगांत दिसू लागतो, आणि मुलींच्या सामन्यांत शेवटचा निळा रंग बहुधा विरळ असतो. दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका महाविद्यालयाचा उपांत्यपूर्व फेरीचा सामना सिमेंटच्या उघड्या कोर्टवर माझ्यासमोर झाला. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा हा संघ नऊ गुणांनी पुढे होता. पुढच्या दहा मिनिटांत त्यांच्या रकान्यात मी जेमतेम चार गुण लिहिले, फाउलच्या चौकटींत मात्र ‘पी’मागून ‘पी’ (म्हणजे पर्सनल फाउल) लिहीत राहिले, आणि अखेर तो संघ सहा गुणांनी हरला. त्या क्वार्टरमध्ये त्यांना सहा फ्री थ्रो, म्हणजे समोरच्या संघाच्या फाउलमुळे कोणी न अडवता रेषेवरून टाकायचे चेंडू, मिळाले होते. त्यांतले पाच रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली पडले.

सामन्यानंतर सोबत आलेले सर मुलींना म्हणाले, “तुमच्यात जिंकायची जिद्दच नाही.” मुली माना खाली घालून ऐकत होत्या, आणि त्यांच्यातली एक जण बाकाच्या टोकाला बसून पोटरीत आलेला गोळा दोन्ही हातांनी दाबत होती. सरांचे निदान मला तेव्हाही पटले नाही, आणि त्या दिवसाची शीट पुढे कितीदा तरी डोळ्यांपुढे आणल्यावर ते अधिकच चुकीचे वाटू लागले. ज्या संघाने तीस मिनिटे आघाडी राखली त्याच्याकडे खेळ होता आणि जिद्दही होती. त्याच्याकडे पाय नव्हते.

निव्वळ शारीरिक तयारी सुधारून, म्हणजे मैदानावरच्या भाषेत ‘कंडिशनिंग’ करून, असा एखादा सामान्य महाविद्यालयीन संघ विजेतेपदाच्या शर्यतीत येऊ शकतो का? माझे उत्तर ‘येऊ शकतो’ असे आहे, पण त्याला एक अट आहे. दमसास ही प्रत्येक मुलीने आपापल्या घरी कमवायची वैयक्तिक गोष्ट आहे, ही समजूत सोडून महाविद्यालयाने ती वर्षभराची स्वतःची जबाबदारी मानली पाहिजे. शर्यतीत येणे आणि करंडक उचलणे यांत अंतर आहे हेही मला ठाऊक आहे; त्याकडे पुढे येते.

आधी हा खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहू. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. १० मिनिटांचे चार क्वार्टर, चेंडू हाती आल्यावर ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि २४ सेकंदांत शॉट घ्यायचा. घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबत असल्याने चाळीस मिनिटांचा सामना सहज दीड तास चालतो. या वेळात खेळाडू एका लयीत कधीच धावत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी तिची हालचाल बदलते, धाव, थांब, मागे सरक, उडी, पुन्हा धाव. दमलेल्या खेळाडूचा वेग कमी होतो हे कोणालाही दिसते. पण त्याआधी जे बिघडते ते टेबलवरून अधिक स्पष्ट दिसते. डिफेन्समध्ये गुडघ्यांत वाकून उभी असलेली मुलगी हळूहळू ताठ होते. ताठ झाली की तिचा पाय अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो आणि पायाची उणीव ती हाताने भरून काढू पाहते. हात लागला की फाउल. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून डिफेन्समधल्या प्रत्येक फाउलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला न धावता गुण. इकडे आपला शॉट मात्र आखूड पडू लागतो, कारण शॉटची ताकद मुळात पायांतून वर येते. मनगट केवळ दिशा देते. म्हणूनच थकलेल्या पायांचे फ्री थ्रो पुढच्या कडेला लागतात. त्या दिवशीच्या पाच थ्रोंचे कारण एवढेच होते, आणि त्याला आपण जिद्दीचा अभाव म्हणून मोकळे झालो.

या बाबतीत खालच्या पायरीवरच्या संघांना एक फायदा आहे, जो वरच्या पायरीवर मिळत नाही. मुंबईत मोजकी महाविद्यालये क्रीडा कोट्यातून राज्य पातळीवरच्या, उंच, शाळेपासून तयार झालेल्या मुली घेतात. बाकीच्या महाविद्यालयांच्या संघात एक-दोघी शाळेत बास्केटबॉल खेळलेल्या, एखादी खो-खोची, एखादी हँडबॉलची, आणि एखादी केवळ उंच आहे म्हणून मैत्रिणीने ओढून आणलेली, अशी भरती असते. उंची कोणाला देता येत नाही. नेमबाजी कमवायला वर्षे लागतात. पण नीट आखलेल्या आठ-दहा आठवड्यांत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा दमसास डोळ्यांना दिसेल इतका बदलतो. शिवाय या पातळीवर बहुतेक संघ चौथ्या क्वार्टरमध्ये सारखेच कोसळतात, त्यामुळे थोडीशी तयारीही मोठा फरक पाडते. वासरांत लंगडी गाय शहाणी, असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तीन-चार सामने जिंकले की संघ उपांत्य फेरीत असतो.

दम असलेल्या बुटक्या संघाला खेळण्याची पद्धतही बदलता येते. पूर्ण कोर्टवर प्रेस लावली, म्हणजे चेंडू आत येतो तिथपासूनच अंगावर जाऊन खेळले, की समोरच्या संघाला ते ८ सेकंद पुरेनासे होतात आणि बास्केटखाली उभ्या असलेल्या त्यांच्या उंच मुलीपर्यंत चेंडू वेळेत पोचतच नाही. उंचीला याहून स्वस्त उत्तर माझ्या पाहण्यात नाही. मुंबईतल्या नागपाड्याने या देशाला कितीतरी बास्केटबॉलपटू दिले आणि तिथल्या अरुंद गल्ल्यांतल्या मुलांनी चपळाईच्या जोरावर नाव कमावले; तोच वारसा मुलींच्या संघांनी घेतला नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पण प्रेस ही दोन मिनिटे लावून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. जो संघ ती चाळीसपैकी पंचवीस मिनिटे लावू शकत नाही, त्याने ती न लावलेलीच बरी, कारण दमलेली प्रेस म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मोकळे कोर्ट.

मुलींना इतके धावणे झेपेल का, ही शंका या खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ शोधला, आणि त्यानंतर थोड्याच काळात स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला. मात्र त्यांनी कोर्टचे तीन भाग केले आणि कोणत्याही मुलीने आपला भाग ओलांडायचा नाही असा नियम घातला, कारण अतिश्रम स्त्रीच्या प्रकृतीला मानवत नाहीत अशी त्या काळाची पक्की समजूत होती. (बेरेन्सन यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांनी मुलींच्या हातात चेंडू दिला, तो देणारेही तेव्हा थोडेच होते.) आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा, अर्ध्या कोर्टवर थांबणारा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. आपल्याकडे मुली पूर्ण कोर्टवर खेळतात, पण त्यांची तयारी अजून अर्ध्या कोर्टवरच होते, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. संध्याकाळी ज्या महाविद्यालयात जाल तिथे मुलांचा पूर्ण कोर्टवर सामना रंगलेला दिसेल, आणि मुली एका रिंगखाली, मुलांचा खेळ दुसऱ्या टोकाला गेला की तेवढ्या वेळात आपले लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून टाकायचे शॉट, उरकून घेताना दिसतील.

कंडिशनिंगच्या नावाखाली सध्या जे चालते त्याचे मी समर्थन करत नाही. स्पर्धेचे वेळापत्रक लागले की पंधरा दिवस आधी सराव सुरू होतो, उशिरा आलेल्या मुलीला मैदानाच्या पाच फेऱ्या, पास चुकला की सगळ्यांना ‘सुसाइड’, म्हणजे कोर्टच्या एकेका रेषेपर्यंत धावत जाऊन परतायचे. याने शिक्षा होते, तयारी होत नाही. बास्केटबॉलमधली छोटी झेप स्नायूंत साठवलेल्या ज्या इंधनावर चालते, ते काही सेकंदांत खर्च होते आणि विश्रांतीच्या काही मिनिटांत पुन्हा भरते. ते किती लवकर भरते हे हृदय आणि फुप्फुसे किती कमावलेली आहेत यावर अवलंबून असते. म्हणून आधी काही आठवडे सावकाश पाया घालायचा आणि मग त्यावर वेगाच्या छोट्या खेपा चढवायच्या, हा क्रम. पंधरा दिवसांत हा क्रम बसत नाही. बसवू पाहिला तर पोटऱ्या आणि गुडघे जातात.

गुडघ्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ती माझी दुखरी जागा आहे. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत बास्केटबॉलमध्ये मुलींना मुलांपेक्षा बरीच अधिक, अनेक अभ्यासांनुसार दुपटी-तिपटीने अधिक होते. बहुतेक वेळा ती कोणाच्या धक्क्याने होत नाही. उडीवरून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि अस्थिबंध तुटतो. मांड्यांची मागची बाजू आणि नितंबांचे स्नायू बळकट करणे, दोन्ही पायांवर गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून उतरायला शिकवणे, आणि हे प्रत्येक वॉर्म-अपमध्ये पंधरा-वीस मिनिटे करून घेणे, एवढ्याने हा धोका लक्षणीय घटतो, हे आता क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. मला उतरायला कोणी शिकवले नव्हते. तिसऱ्या वर्षी, ऐन हंगामात, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेऊन मी एका पायावर उतरले तेव्हा ‘टक’ असा आवाज मीच ऐकला. आजही मुलींना वजने उचलायला सांगितले की घरून निरोप येतो, मुलीचे दंड मुलासारखे होतील म्हणून. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकला की तेच घर गप्प होते.

आता मुंबईच्या अडचणी. प्रवेश आणि वर्ग सुरू होतात ते ऐन पावसाळ्यात, तेव्हा बहुतेक उघडी कोर्ट शेवाळलेली असतात. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच स्पर्धा सुरू होतात, आणि सोबत ऑक्टोबरचा उकाडाही येतो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही; अशा हवेला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वातानुकूलित जिमच्या ट्रेडमिलवर काढून भागत नाही. मग सत्र परीक्षा येतात, महिनाभर सराव बंद राहतो, आणि तीन-चार आठवड्यांत कमावलेल्यातला बराच भाग निघून जातो. पावसाचे निमित्त मात्र मला मान्य नाही. चार मजल्यांचा जिना प्रत्येक महाविद्यालयाकडे आहे. जिन्यावर खेपा, व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या, रिकाम्या वर्गात जोर-बैठका, आणि ऊन पडेल त्या दिवशी तीन विरुद्ध तीन असा झटपट खेळ, एवढ्यावर जुलै-ऑगस्ट सार्थकी लागतो. तीन विरुद्ध तीनचा खेळ आता ऑलिंपिकमध्येही आहे. त्यात शॉटला १२ सेकंदच मिळतात, त्यामुळे दहा मिनिटांत दमसास आणि कौशल्य दोन्ही एकदम कमावले जातात. ‘धावण्यात वेळ घालवू की नेमबाजीत’ असे विचारणाऱ्या प्रशिक्षकांना माझे उत्तर हेच असते.

पण जिना चढणाऱ्या शरीरात काय आहे, हेही पाहायला हवे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या हरलेल्या संघातली एक मुलगी बदलापूरहून येत असे. सकाळी साडेसहाच्या सरावाला पोचण्यासाठी ती साडेचारला उठायची, चहा आणि दोन बिस्किटांवर लोकलच्या बायकांच्या डब्यात दाराशी उभी राहून यायची, दीड तास धावायची, मग वर्ग, आणि डबा उघडायची साडेअकराला. परत जाताना वडापाव. तिचा ‘स्टॅमिना कमी आहे’ असे सगळे म्हणत; तीही म्हणे. कोणी तरी एकदा तिची रक्त तपासणी करायला लावली तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघाले. बारा ग्रॅमच्या खाली गेले की वैद्यकीय भाषेत तो रक्तक्षय. यात ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्यापेक्षा जास्त होते. रक्तातून प्राणवायू नेणारे द्रव्यच कमी असेल तर कितीही सुसाइड मारून घ्या, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. म्हणजे दहा जणींच्या संघात निम्म्या जणींच्या कंडिशनिंगची पहिली पायरी मैदानावर नसून रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत असण्याची शक्यता आहे.

यावरचे उपाय साधे आहेत. जूनमध्ये संघातल्या प्रत्येकीचे हिमोग्लोबिन तपासायचे, कमी असेल तिला डॉक्टरांकडे पाठवायचे, गोळ्या त्यांच्या सल्ल्याने. जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकलायचा, कारण तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळायचे, कारण ते लागू देते. सरावाआधी एक केळे, सरावानंतर लगेच उकडलेली अंडी किंवा चणे-शेंगदाणे आणि गूळ. बदलापूरच्या त्या मुलीचा प्रवास कमी करता येणार नाही, पण आठवड्यातले दोन सराव वर्ग संपल्यावर दुपारी ठेवता येतात. पाळीच्या दिवसांत मुली कारण न सांगता गैरहजर राहतात आणि त्यांच्या नावापुढे ‘बेशिस्त’ असा शिक्का बसतो. कोर्टजवळ कुलूप नसलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह असेल तर निम्म्या ‘बेशिस्ती’ आपोआप मिटतील, असे मी अनुभवाने सांगते.

एवढे सगळे केल्यावर संघ जिंकेलच का? नाही. भारतीय रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे जे वर्चस्व गाजवले आहे ते पायांवर जितके, तितकेच नोकरीतून मिळालेल्या निश्चिंतीवर आणि वर्षभराच्या एकत्र सरावावर उभे आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएला, पहिल्या श्रेणीच्या संघांनी हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेऊ नये, असे बंधन घालावे लागले. आपल्याकडे मुलींना आठवड्यात खात्रीचे सहा तास मिळाले तरी मी पेढे वाटीन. दोन तयार संघ समोरासमोर आले की निकाल नेमबाजी, पास आणि डोके यांवरच लागतो. मात्र तिथवर पोचायला दम लागतो. २०१७ मध्ये बेंगळुरूला भारताच्या मुलींनी महिला आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५–७३ असा जिंकला. दोन गुणांचा सामना शेवटच्या मिनिटांत ठरतो, आणि त्या मिनिटांत कौशल्य वापरता येण्याइतके पाय शाबूत असावे लागतात.

पैशाचा मुद्दा निघतोच, म्हणून तोही बोलून टाकू. मुंबईतल्या महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याकडून दरवर्षी जिमखाना फी घेतली जाते, आणि ती भरणाऱ्यांत मुली निम्म्याच्या आसपास, कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त आहेत. त्या पैशांतून मुलींच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न प्राचार्यांना विद्यार्थिनींनी लेखी विचारावा असे मला वाटते. एका महाविद्यालयाला पूर्णवेळ फिटनेस ट्रेनर परवडत नसेल तर जवळजवळच्या तिघा-चौघांनी मिळून एक नेमावा. विद्यापीठाने स्पर्धेची आखणी करताना एका संघाला एका दिवशी दोन सामने खेळावे लागणार नाहीत एवढे पाहिले, तरी बिनखर्चात बरेच साधेल. आणि कोर्टचे वेळापत्रक आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींच्या नावावर लिहायला फक्त खडू लागतो.

तो उपनगरातला संघ गेल्या हंगामात पुन्हा माझ्या टेबलसमोर आला. सर तेच होते. संघासोबत एक तरुण ट्रेनर मुलगी होती, शेजारच्या दोन महाविद्यालयांबरोबर खर्च वाटून आणलेली. बदलापूरची मुलगी आता शेवटच्या वर्षाला होती आणि बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी केळ्यांचा घड ठेवलेला होता. उपांत्य फेरीत समोर क्रीडा कोट्यातल्या मुलींचा संघ होता, तीन जणी हिच्याहून डोक्याएवढ्या उंच. चौथ्या क्वार्टरमध्ये यांच्या रकान्यात मी निळ्या शाईने सतरा गुण लिहिले, त्या दिवशीच्या कोणत्याही क्वार्टरपेक्षा जास्त. शेवटचे अकरा सेकंद उरले असताना एका गुणाने मागे असलेल्या या संघाला दोन फ्री थ्रो मिळाले, आणि ते घ्यायला तीच मुलगी रेषेवर आली. तिने चेंडू तीनदा आपटला, गुडघे नीट वाकवले. दोन्ही थ्रो हुकले, संघ हरला. पण दोन्ही वेळा चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला होता.